परिशिष्ट ब

"तुला आभारात घेतलंय," सर म्हणाले.

त्यांच्या हातात चहाचा कप होता. मी उभी होते. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या, पण बस म्हणाले नाहीत. तीन वर्षांत कधीच म्हणाले नव्हते, आणि मीही कधी बसले नव्हते. टेबलावर पेपर पडला होता, छपाईला जायच्या आधीची प्रत. वर दोन नावं. एक सरांचं. दुसरं आमच्याच ग्रुपमधल्या एका मुलाचं, ज्यानं तो कॉम्प्युटरवर टाईप केला होता.

मी पानं उलटली. मागे परिशिष्ट ब. अकरा पानं. त्यातली ओळ न् ओळ माझी. त्या अकरा पानांसाठी मी पावणेदोन वर्षं वहीमागून वही भरली होती. लिहिलेलं खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. शेवटची पक्की वही सर घेऊन गेले होते, 'जरा बघतो' म्हणून. आठ दिवसांनी परत दिली होती. आणि आता तेच गणित इथं छापील अक्षरात. सगळ्यात शेवटी, बारीक टायपात एक ओळ. आकडेमोडीत मदत केल्याबद्दल लेखक यांचे आभारी आहेत. पुढं माझं नाव.

"सर, हे परिशिष्ट मी केलंय." माझा आवाज माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

सर चिडले नाहीत. हसले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"अगं, आकडेमोड तुझी. कल्पना कुणाची? गवंड्यानं भिंत बांधली म्हणून घरावर त्याच्या नावाची पाटी लावतात का?" एक घोट घेतला. "आणि कष्ट तर तुमच्या लोकांच्या रक्तातच असतात. कौतुकानं म्हणतोय हं मी."

तुमच्या लोकांच्या. ऐकलं मी. नीट ऐकलं. अंगाची नुसती लाही लाही झाली. आणि मी काय म्हणाले? "थँक यू, सर" म्हणाले. त्यांच्या बोलण्याचा राग पुढं पुष्कळ वर्षांनी बाहेर आला, पण त्या थँक यूची लाज त्याच दिवशी सुरू झाली आणि अजून गेलेली नाही.

मी दौंडची. आप्पा रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत, खडी ओढत, उन्हापावसात हातोडा घेऊन चालायचं, ते काम. रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांत मी वाढले. आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा, तिथं गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवरून ती लग्नाआधी दुसऱ्यांच्या मळ्यांत खुरपायला जायची. घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "त्यात रेल्वेत लागत्यात का?" मी म्हणाले, "न्हाई लागत." ते म्हणाले, "मग करच."

पुण्यातल्या त्या मोठ्या संस्थेत पीएचडीला लागले तेव्हा सरांनी पहिल्याच भेटीत गाव विचारलं होतं. सर मूळचे शिरूर तालुक्यातलेच, नदीकाठच्या बागायतदार घरातले. मला वाटलं, चला, आपल्याकडचं माणूस भेटलं. मी हौसेनं सांगितलं, आईचं माहेर मांडवगण.

"मांडवगणात कुठं? गावात, की...?"

पुढं बोलले नाहीत. वाट बघत राहिले. मी सांगितलं, वस्तीवर. "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि फाईल मिटली. त्या दोन अच्छांमध्ये त्यांना जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. मला कळायला मात्र वेळ लागला, कारण मी नाकासमोर चालणारी, आणि वर दौंडची, म्हणजे पुण्यात आल्यावर निम्मा जीव इंग्रजी सांभाळण्यातच जायचा.

आमच्या कामाला प्रयोगशाळा नसते. वही, पेन्सिल, खोडरबर आणि डोकं. सरांनी मला दिलेला प्रश्न ऐकायला साधा होता. एक जड तारा, स्वतःभोवती फिरतोय. त्याला जरासा धक्का दिला तर तो थरथरून पुन्हा शांत होईल, की ढासळेल? प्रश्न सरांचा, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण उत्तराकडं जायची वाट कुणालाच माहीत नव्हती, सरांनाही नाही. ती मी काढली. हॉस्टेलच्या खोलीत, मेसच्या टेबलावर, पुणे-दौंड डेमू गाडीच्या खिडकीत बसून काढली. उत्तर शेवटी एका चिन्हावर येऊन थांबतं. अधिक आलं तर तारा ढासळला, वजा आलं तर वाचला. ज्या दिवशी ते वजा आलं त्या दिवशी मी हडपसर ते दौंड डब्यात उभी राहून एकटीच हसत होते आणि शेजारची बाई मुलाला जवळ घेऊन माझ्याकडं बघत होती.

अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या शाखेत पेपरवरची नावं अक्षरांच्या क्रमानं लागतात. कुणी जास्त काम केलं, कुणी कमी, ते त्यावरून कळत नाही. एवढंच कळतं, की तुम्ही आत आहात की बाहेर. आणि एकदा का पेपर बाहेर पडला की जगातले लोक आपापल्या पेपरात त्याचा संदर्भ देतात. त्याला सायटेशन म्हणतात. ते जितके जास्त, तितका माणूस मोठा. नोकरी त्यावर, बढती त्यावर, परदेशातली आमंत्रणं त्यावर. वरच्या नावांच्या खात्यात ते जमा होतात. आभारातल्या नावाला त्यातलं काही म्हणजे काही मिळत नाही.

पेपर छापून आल्यावर मी तो घेऊन घरी गेले. का नेला, देव जाणे. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांना पाठ होतं. माझ्या प्रत्येक सर्टिफिकेटवर ते बोट ठेवून शोधायचे. त्या दिवशीही चष्मा लावून दारात बसले, पहिलं पान मांडीवर घेतलं आणि बोट फिरवायला लागले. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

"पोरी, तुझं नाव कुठंशी हाय?"

"मागं हाय, आप्पा."

त्यांनी पानं उलटली, एकेक करून. माझी ती अकरा पानं त्यांच्या बोटांखालून गेली. शेवटच्या पानावर तळाला त्यांना नाव सापडलं. किती बारीक टाईप, तरी सापडलं.

"लई बारीक छापलंय गं," म्हणाले. मग जरा थांबून, "मोठ्या लोकांचं असंच आसंल, न्हाई का?"

मी व्हय म्हणाले. बापाशी धडधडीत खोटं बोलले. त्यांनी ते शेवटचं पान बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि ज्याला त्याला दाखवायला लागले. कॉलनीतल्या तिकीट तपासनीसाला दाखवलं. तो शिकलेला माणूस. त्यानं वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आप्पांना म्हणाला, "छान आहे हो, छान आहे." त्याची ती नजर माझ्या जिव्हारी लागली. दोन वर्षांनी आप्पा गेले. त्यांना खरं काय ते मी सांगितलं नाही, आणि हे माझं दुःख कशानंही कमी होत नाही. सांगितलं असतं तर ते खचले असते असं मी स्वतःला समजावते. पण मला माहीत आहे, मी घाबरले होते, बाकी काही नाही.

कारण अजून माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. सहीशिवाय पीएचडी नाही. आपला गळा दुसऱ्याच्या हातात असला की माणूस मूग गिळून बसतो. मी बसले. आणि इकडं तो पेपर वाऱ्यासारखा पसरला. पहिल्या वर्षी मूठभर लोकांनी संदर्भ दिला, मग जपानमधून, जर्मनीतून, कुठून कुठून. बहुतेक जण परिशिष्ट ब मधलं शेवटचं सूत्र उचलायचे. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मोबाईलवर तो आकडा बघायची. वाईट सवय. आकडा वाढला की आधी आनंद व्हायचा, खरंच व्हायचा, माझं गणित कुणीतरी वापरलं म्हणून. आणि लगेच पाठोपाठ रडू यायचं.

पीएचडी झाली. मोठ्या जागांना अर्ज केले. सगळीकडं एकच विचारणा, तुमचे पेपर किती, सायटेशन किती. माझ्या नावावर दोन किरकोळ पेपर. जो माझा खरा होता तो माझा नव्हता. शेवटी शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे तास घेतला तर तुम्ही शिक्षक, नाही घेतला तर कुणी नाही. दौंडहून सकाळची एसटी, न्हावऱ्याला गर्दी, शिरूरला उतरून चालत कॉलेज. तिथं मी न्यूटनचे नियम शिकवायची. मुलं चांगली होती. मी मात्र आतून विझत चालले होते.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजात बातमी आली, सरांच्या त्या पेपरच्या सायटेशननी हजाराचा टप्पा ओलांडला. शिरूरचे सुपुत्र म्हणून त्यांचा भव्य सत्कार करायचा ठरला. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र, गेटवर फ्लेक्स. प्राचार्यांनी मीटिंग घेतली. महिला प्राध्यापकांची नावं वाचली, औक्षणाला कोण कोण, रांगोळीला कोण. माझं नाव औक्षणात आलं नाही. का आलं नाही ते कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. मग प्राचार्य माझ्याकडं वळले.

"मॅडम, तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी ना? मग शेवटचं आभारप्रदर्शन तुमच्याकडं."

आभारप्रदर्शन आमच्याकडं नेहमी सगळ्यात कनिष्ठ माणसाकडं असतं. लोक उठायला लागलेले असतात, चहाच्या कपांचा आवाज येत असतो, आणि तो बिचारा माईकवरून मांडववाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं घेत असतो. मी हो म्हटलं.

सत्काराच्या दिवशी सर तासभर आधीच आले आणि मला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलं. दार लोटलं. पहिल्यांदाच म्हणाले, "बस." बसले. इतक्या वर्षांनी खुर्ची मिळाली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुझी ती वही अजून आहे का?"

"कोणती, सर?"

"अगं, तीच. परिशिष्टाची. एका परदेशी माणसानं पत्र लिहिलंय. त्याचं म्हणणं, वेगानं फिरणाऱ्या ताऱ्याला आपलं सूत्र लावलं की उलटं उत्तर येतं. जर्नलनं खुलासा मागितलाय. मला इतकं बारीक बघायला वेळ कुठाय? तू चूक शोध आणि दुरुस्ती लिहून दे. दुरुस्ती आम्ही छापू."

"कुणाच्या नावानं?"

"पेपर ज्यांच्या नावानं आहे त्यांच्याच. तुला आभारात घेऊ की परत." मग आवाज खाली आणला. "इथली कायमची जागा निघतेय. मुलाखतीच्या समितीवर मी आहे. कळलं ना?"

मला सगळं कळलं. त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त कळलं, कारण चूक कुठं आहे ते मला बसल्या जागी समजलं होतं.

आमच्या विषयात वेळ आणि जागा एकाच हिशेबात धरतात आणि त्यातल्या एकीला वजा चिन्ह द्यावं लागतं. काही जण वेळेला देतात, काही जागेला. दोन्ही बरोबर, फक्त एकदा धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं. सरांच्या ग्रुपमध्ये सगळे जागेला वजा द्यायचे. मी वेळेला. कारण मी हा विषय दौंडच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका फाटक्या, कव्हर गेलेल्या पुस्तकातून शिकले होते आणि त्या पुस्तकात तशी रीत होती. हाताला तेच वळण लागलं. ग्रुपमध्ये हसायचे, 'दौंडचं गणित' म्हणायचे. म्हणून मी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवायची: 'वेळेला वजा. माझी रीत.' पुढच्याची गफलत होऊ नये म्हणून. सरांनी वही नेली, मधली पानं त्या मुलाकडून टाईप करून घेतली, पहिलं पान कुणी उघडलंच नाही. पेपर त्यांच्या रीतीनं, परिशिष्ट माझ्या रीतीनं, आणि दोन्ही तशीच जोडलेली. त्यामुळं छापील सूत्रात एक चिन्ह उलटं गेलं. हळू फिरणाऱ्या ताऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही, म्हणून एवढी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ज्यांनी ज्यांनी संदर्भ दिला त्यांनी सूत्र उचललं, गणित पुन्हा कुणी केलंच नाही. मीही नाही. छापील पान बघितलं की मला रडू यायचं, मी ते कधी ओळीनं वाचलंच नव्हतं.

म्हणजे ज्यानं ती अकरा पानं केली त्याच्याकडून ही चूक होणं शक्यच नव्हतं. ती चूक फक्त उतरवून घेणाऱ्याच्या हातून होऊ शकत होती.

"वही घरी आहे, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले. कायमची जागा. आई साठीला आली होती, भाऊ कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करत होता. मनात येत होतं, देऊन टाक. एक दुरुस्ती तर आहे. तुझं नाव आधीही नव्हतं, आत्ताही नसेल, त्यात नवीन काय?

कार्यक्रम सुरू झाला. हॉल खच्चून भरलेला. सरांना फेटा बांधला, शाल दिली, मानपत्र वाचलं. सर छान बोलले. मातीचे संस्कार, आईवडिलांची पुण्याई, सगळं आलं. मग हॉलभर नजर फिरवून मला शोधलं.

"ती बघा, मागं उभी आहे. आमची विद्यार्थिनी. माझी आकडेमोड तपासून द्यायची. डोकं जेमतेम, पण कष्टाला वाघीण! आमच्या ग्रामीण भागातल्या अशा मुलींना आपण हात दिला पाहिजे."

टाळ्या पडल्या. माझे विद्यार्थी मान वळवून माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते, बिचारे आनंदानं. आणि त्या टाळ्यांत माझ्या आत काहीतरी तुटलं. नाही, तुटलं म्हणणं बरोबर नाही. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, की हा माणूस मला फसवत नाहीये. त्याला खरंच असं वाटतं. माझ्या हातातून त्यानं काही काढून घेतलं हे त्याच्या गावीही नाही. आमच्या हातचं ते त्यांचंच, हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. अशा माणसाला मी गप्प राहून, चांगली वागून, अजून थोडे कष्ट करून कधीही पटवू शकणार नव्हते. मेले असते तरी नाही.

"आता आभारप्रदर्शन," निवेदक म्हणाला. लोक खुर्च्या सरकवायला लागले. मी माईकपाशी गेले.

"मी कुणाचेही आभार मानणार नाहीये," मी म्हणाले.

खुर्च्यांचा आवाज थांबला.

"ज्या पेपरसाठी हा सत्कार आहे, त्यातलं परिशिष्ट ब मी केलंय. अकरा पानं. माझं नाव त्यात शेवटच्या ओळीत आभारात आहे. त्या परिशिष्टातलं शेवटचं चिन्ह चुकलेलं आहे. सरांनी आज सकाळी ते मला दुरुस्त करून मागितलं. हा फळा आहे. ते चिन्ह कुठून आलं, सरांनी इथं करून दाखवावं. त्यांनी दाखवलं तर मी माफी मागेन."

सर उठले नाहीत. फेट्याचा शेमला नीट करत म्हणाले, "अगं, असले विषय चहाच्या वेळी बोलू." प्राचार्यांनी खूण केली आणि कुणीतरी माईक बंद केला. मग मी खडू घेतला. बंद माईकसमोर, आवाज चढवून, मी पहिली ओळ लिहिली. वेळेला वजा. चौथ्या ओळीपर्यंत पोचले तोवर निम्मा हॉल रिकामा झाला होता. माझ्या वर्गातली सात-आठ मुलं बसून राहिली. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी वहीत उतरवून घेत होती. मी शेवटच्या चिन्हापर्यंत गेले आणि खडू ठेवला.

बाहेर आल्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांचा अपमान केलात तुम्ही."

"माझा झाला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होता, सर."

पुढच्या सत्रात माझे तास कमी झाले. त्याच्या पुढच्यात उरलेच नाहीत. कायमच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्रसुद्धा आलं नाही. पुण्याच्या त्या संस्थेकडं मी तक्रार केली, वहीच्या सगळ्या पानांचे फोटो लावून. समिती बसली. समितीनं कळवलं, की नावं कुणाची घालायची हा त्या वेळच्या लेखकांच्या आपसातल्या समजुतीचा भाग आहे. मला त्या ओळीचं हसू आलं आणि मग बराच वेळ हुंदके आवरेनात. आई नुसती पाठीवरून हात फिरवत बसली.

आता मी दौंडला अकरावी-बारावीचे क्लास घेते. आणि दुपारी माझं काम करते. सरांना वही दिली नाही. ते गणित मी पुन्हा मुळापासून केलं, दोन्ही रीतींनी केलं, वेगानं फिरणारा तारासुद्धा घेतला. तो ढासळत नाही, टिकतो. एवढं छापून आलं असतं तर हजार लोकांच्या चुका सुधारल्या असत्या. पेपर लिहिला. वर एकच नाव, माझं. चूक दाखवायची तर मूळ पेपरचा संदर्भ द्यावाच लागतो, आमच्या धंद्याचा नियम आहे. म्हणजे माझ्याच हातानं सरांच्या आकड्यात एकाची भर. तीही घातली. कडू घोट होता, पण नियम तो नियम. मात्र त्या संदर्भाखाली मी एक वाक्य लिहिलं: 'या पेपरातील परिशिष्ट ब प्रस्तुत लेखिकेनं केलेलं असून तिथं ते तिच्या नावाशिवाय छापलेलं आहे.'

जर्नलकडून उत्तर आलं. गणित अचूक आहे. महत्त्वाचं आहे. लगेच छापू. फक्त ते एक वाक्य काढा, तो विज्ञानाचा विषय नाही.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या जर्नलकडं पाठवलं. तिथूनही तेच. शब्द वेगळे, पण मागणी तीच.

आईला मी सगळं वाचून दाखवते, मराठी करून. ती ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काढ की गं येक वाक्य. तुझं नाव तर वर हायेच ना आता. छापून आलं तर कुठंतरी नोकरी तरी लागंल. मी काय कायमची हाय का?"

"न्हाई काढायची."

"येका वळीपायी?"

"व्हय. येका वळीपायी."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. तिला पटलं असं नाही. तिला वाईट वाटतंय ते मला दिसत होतं, आणि ती म्हणते ते खोटंही नाही. ती ओळ गेली तर मी उद्या कुठंतरी लागू शकते. ती राहिली तर कदाचित या पेपरला एकही सायटेशन मिळणार नाही, कारण तो छापलाच जाणार नाही. हे सगळं मी मोजून-मापून बघितलंय. मी काही वेडी नाही.

पण आधी सरांनी मला वगळलं ते मला न विचारता वगळलं. आता हे जर्नलवाले मला विचारतायत. म्हणजे हे काम त्यांना माझ्या हातून करून पाहिजे. मी स्वतः ओळ खोडायची, मी स्वतः लिहून द्यायचं की तसं काही घडलंच नाही, आणि वर त्यांनी माझं कौतुक करायचं.

काल तिसऱ्या जर्नलचं पत्र आलं. वाक्य काढण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिलीय. मी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. मुदत नको. पेपर आहे तसा छापा, नाहीतर परत पाठवा. वाक्य निघणार नाही. आज नाही, पंधरा दिवसांनी नाही, कधीच नाही.